पहिले मूल कधी? उशीर नवऱ्याचा, घाई मात्र नवरीच्या माथी

‘सगळे वेळेत झालेले बरे,’ असे घरोघरी म्हटले जाते. पण मूल होण्याची ही ‘वेळ’ नेमकी कोणती? सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवरील दुधनीसारख्या गावात या प्रश्नाची दोन टोके एकाच घरात भेटू शकतात.

तुरीचा हंगाम आटोपला की दुधनीच्या बाजार समितीतली गर्दी ओसरते आणि लग्नसराईची लगबग सुरू होते. अक्कलकोट तालुक्यातले हे गाव कर्नाटकाच्या सीमेलगत आहे. बोलण्यात कन्नड आणि मराठी दोन्ही, सोयरिकीही दोन्ही राज्यांत. लग्नाला सहा महिने झाले की नव्या नवरीला विचारणा सुरू होते, ‘काही विशेष?’ वर्ष उलटले की विचारण्याचा सूर बदलतो. दुसरीकडे पुण्या-मुंबईत नोकरी करणारी याच भागातली जोडपी तिशी ओलांडली तरी ‘अजून थोडे थांबू’ म्हणतात आणि गावाकडे आईला घोर लागतो.

मूल लवकर व्हावे की उशिरा, हा वाद बहुतेक वेळा या दुसऱ्या जोडप्याभोवतीच फिरतो. करिअर, घराचे हप्ते, आयव्हीएफ यांचीच चर्चा होते. सोलापूर जिल्ह्याचे आकडे मात्र आधी पहिल्या मुलीकडे पाहायला लावतात.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयोगटातील महिलांना लग्नाचे वय विचारण्यात आले. १८ वर्षे पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के, तर महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. सोलापूर जिल्ह्यात ते सुमारे ४० टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट निघाले. याच पाहणीनुसार राज्यातील १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशासाठी हा आकडा ६.८ टक्के होता.

दुसरा आकडाही लक्षात घ्यायला हवा. राज्याचा एकूण जननदर १.७ आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ लागतो. म्हणजे महाराष्ट्रात कुटुंबे लहान झाली, पण अनेक ठिकाणी सुरुवात लवकरच होते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी पहिले मूल, पाठोपाठ दुसरे आणि पंचविशीच्या आत बाईची नसबंदी, हा क्रम ग्रामीण भागाला अनोळखी नाही. मुले दोनच असावीत हे पटले. पहिले कधी असावे हा प्रश्न तसाच राहिला.

नवरदेवांच्या मोर्चाशी याचा काय संबंध?

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक अनोखा मोर्चा निघाला. ज्योती क्रांती परिषदेच्या पुढाकाराने अविवाहित तरुण बाशिंग बांधून, काही जण घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. लग्नासाठी मुलगी मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची कडक अंमलबजावणी करा, अशी मागणी. मोर्चाची देशभर चर्चा झाली आणि थट्टाही झाली. पण दुखणे खरे होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या; २००१ मध्ये हे प्रमाण ९१३ होते. त्यातच शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला पालक कचरतात. परिणामी गावाकडचा मुलगा तिशी-पस्तिशीपर्यंत बिनलग्नाचा राहतो.

अशा मुलाचे लग्न अखेर ठरते, तेव्हा नवरी कधी अठरा-एकोणीस वर्षांची असते, तर कधी त्याहून लहान. नवऱ्याचे वय झाले म्हणून घरच्यांना नातवंडाची घाई असते. ही घाई मात्र त्या मुलीच्या शरीराला सोसावी लागते. उशीर त्याच्या लग्नाला झालेला असतो, भरपाई तिने करायची असते. ‘लवकर की उशिरा’ या वादात ही बाजू क्वचितच येते.

लवकर मूल होण्याच्या बाजूने काय सांगितले जाते?

हे मुद्दे झटकून टाकण्यासारखे नाहीत. आजी-आजोबा धडधाकट असतात, तेव्हा मूल सांभाळायला घरातच हात मिळतो. आई-वडिलांच्या अंगात रात्रीची जागरणे सोसण्याची ताकद असते. वडील साठीला येईपर्यंत मुले कमावती होतात. पगारी नोकरी आणि निवृत्तिवेतन नसलेल्या घरात हा हिशेब फार मोठा असतो.

उशिरा मूल होऊ देणाऱ्यांचेही हिशेब असतात. शिक्षण पूर्ण व्हावे, घरात दोन पगार यावेत, नवरा-बायकोची एकमेकांशी ओळख व्हावी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. पण ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत. तुरीच्या राशीवर किंवा खुरपणीला रोजाने जाणाऱ्या बाईला ही रजा कुठली? तिच्यासाठी लवकरचे बाळंतपण काय आणि उशिराचे काय, दोन्ही म्हणजे बुडालेला रोज. फरक इतकाच की विशीच्या आत ते आले, तर शाळा-कॉलेजकडे परतण्याची वाटही बंद होते.

विसाव्या वर्षाआधीचे बाळंतपण धोक्याचे का?

किशोरवयात मुलीची स्वतःची वाढ सुरू असते. कमरेची हाडे पुरती वाढलेली नसतील, तर प्रसूती अडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयातील मातांना रक्तदाब वाढून झटके येण्याचा आणि बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाचा धोका विशीतल्या मातांपेक्षा अधिक असतो. त्यांची बाळे कमी वजनाची किंवा अपुऱ्या दिवसांची असण्याची शक्यताही वाढते. त्यात रक्तक्षयाची भर पडते. राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.२ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी असल्याचे पाहणीत आढळले.

महाराष्ट्राला हे दुःख जुने आहे. १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा वैद्यकीय मदतीअभावी दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला आणि १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी मिळवली. प्रबंधासाठी त्यांनी प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला होता.

मग उशीर नेमका कधी सुरू होतो?

स्त्रीच्या शरीरातील बीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो आणि तो वयाबरोबर घटत जातो. विशीपासून तिशीच्या सुरुवातीपर्यंत निरोगी स्त्रीला कोणत्याही एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता साधारण चारात एक असते. चाळिशीत ती दहात एकवर येते. पस्तिशीनंतर हा उतार अधिक तीव्र होतो. गर्भपाताचे आणि गुणसूत्रांतील दोषांचे प्रमाणही वाढते. डाऊन सिंड्रोम असलेले बाळ जन्मण्याची शक्यता आईच्या तिसाव्या वर्षी सुमारे ९४० मध्ये एक, पस्तिसाव्या वर्षी ३५० मध्ये एक आणि चाळिसाव्या वर्षी ८५ मध्ये एक असते.

म्हणजे एकविशी-बाविशीपासून तिशीच्या पहिल्या काही वर्षांपर्यंतचा दहा-बारा वर्षांचा काळ शरीराच्या दृष्टीने सोयीचा आहे. अठराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीने तीन वर्षे थांबल्याने तिची ‘वेळ’ जात नाही. उलट ती योग्य वेळेत येते. चौतिसाव्या वर्षी आणखी तीन वर्षे थांबू पाहणाऱ्या स्त्रीला मात्र तोच सल्ला महागात पडू शकतो.

‘आयव्हीएफ आहे ना’ हा दिलासाही तपासून घ्यायला हवा. मुंबईत केईएम रुग्णालयात १९८६ मध्ये या तंत्राने बाळ जन्मले आणि तेव्हापासून तंत्र खूप पुढे गेले. तरी स्वतःचे बीज वापरायचे असेल, तर यश बीजाच्या वयावरच ठरते. २०२१ च्या कायद्याने या उपचारांसाठी स्त्रीला २१ ते ५० आणि पुरुषाला २१ ते ५५ अशी वयोमर्यादा घातली आहे. पण पन्नाशीपर्यंत परवानगी आहे म्हणून पन्नाशीपर्यंत शक्यताही आहे, असा अर्थ काढणे चूक ठरेल.

पुरुषाच्या वयाचे काय?

पुरुषाची प्रजननक्षमताही वयाबरोबर घटते, पण सावकाश. साधारण चाळिशीनंतर फरक जाणवू लागतो. पस्तीस वर्षांचा नवरा दोन-तीन वर्षे थांबला तर त्याचे फारसे बिघडत नाही. त्यामुळे ‘त्याचे वय झाले’ म्हणून अठरा वर्षांच्या मुलीवर वर्षाच्या आत बाळंतपण लादण्याला वैद्यकीय आधार नाही.

मूल होत नसेल तर दोष मात्र आधी सुनेला दिला जातो. प्रत्यक्षात कारण स्त्रीत, पुरुषात किंवा दोघांतही असू शकते. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासण्यांपैकी एक आहे. तरीही नवस, अंगारे आणि सुनेच्या सोनोग्राफ्या सगळे करून झाल्यावर नवऱ्याचा नंबर लागतो आणि तोवर वर्षे निघून जातात.

थांबण्यासाठी सरकारने कधी काही केले का?

याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये नवविवाहितांसाठी एक योजना आणली. लग्नानंतर दोन वर्षे मूल होऊ न देणाऱ्या जोडप्याला ५ हजार रुपये आणि तीन वर्षे थांबल्यास ७ हजार ५०० रुपये. ‘हनिमून पॅकेज’ म्हणून ती गाजली आणि पहिल्या तीन वर्षांत दोन हजारांहून अधिक जोडप्यांनी नावे नोंदवली. रक्कम मोठी नव्हती. पण आरोग्य कर्मचारी लग्नघरी जाऊन नवरा-नवरीशी एकत्र बोलू लागले आणि सुनेला सासूपुढे सांगायला एक सरकारी कारण मिळाले.

२०१२ मध्ये केंद्राने वेगळा मार्ग घेतला. लग्नानंतर पहिले मूल दोन वर्षे लांबवण्यासाठी आणि पहिल्या-दुसऱ्या मुलात तीन वर्षांचे अंतर राखण्यासाठी जोडप्यांना मदत करणाऱ्या आशा सेविकेला प्रत्येकी ५०० रुपये मोबदला सुरू झाला. दुधनीसारख्या सीमाभागात इथे एक अडचण येऊ शकते. सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या राज्यात आणि पहिले बाळंतपण माहेरी. अशा वेळी नोंदवही सीमेवरच तुटते. तपासण्यांचे कार्ड सोबत नेणे म्हणूनच महत्त्वाचे.

कायदा काय म्हणतो?

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले होते. १९७८ मध्ये ते १८ झाले, मुलासाठी २१. मुलीचे वयही २१ करणारे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते रद्दबातल झाले. २००६ च्या कायद्यानुसार बालविवाह लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लावून दिलेल्या मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून मागता येते.

अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. अल्पवयीन गरोदर मुलगी रुग्णालयात आली की पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. या भीतीने वय लपवले किंवा दवाखाना टाळला, तर जिला तपासणीची सर्वाधिक गरज आहे तीच मुलगी तपासणीविना राहते. बालविवाह होत असल्याचे कळल्यास १०९८ या क्रमांकावर माहिती देता येते.

जोडप्याने काय करावे?

- नवरीचे वय वीस-एकविशीच्या आत असेल तर थांबावे. निरोध, ‘माला-एन’ व ‘छाया’ गोळ्या आणि तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. कोणते साधन योग्य, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

- ‘पहिल्या मुलाआधी गोळ्या घेतल्या तर वांझपण येते’ हा गैरसमज आहे. साधने थांबवल्यावर गर्भधारणा होते. ‘अंतरा’नंतर मात्र त्यासाठी काही महिने अधिक लागू शकतात.

- मूल हवे असे ठरल्यावर आधी हिमोग्लोबिन तपासावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी.

- स्त्रीचे वय पस्तिशीच्या आत असेल आणि वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर तपासणी करावी. पस्तिशीनंतर सहा महिनेच थांबावे, चाळिशीनंतर लगेच डॉक्टरांकडे जावे. तपासणी दोघांचीही, एकाच वेळी.

- पहिल्या बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा किमान दोन वर्षे टाळावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

मूल कधी, याचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. एका मुलीला थांबायला सांगायचे असते, दुसरीला आता फार थांबू नकोस म्हणायचे असते. दोघींना ‘सगळे वेळेत व्हावे’ हा एकच उपदेश केला, तर एकीचे तरी नुकसान ठरलेले. नव्या नवरीला ‘काही विशेष?’ विचारण्याआधी तिचे वय आणि तिची इच्छा विचारली, तर पुढचे बरेच सोपे होईल.