पोलीस पाटलाची जागा आणि आपण

पाटलाच्या वाड्यापुढे जोहार घालत उभं राहणं आमच्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला आलं. तेव्हा पाटीलकी बापाकडून लेकाकडे जाई. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली पोलीस पाटील नेमला जातो. वय २५ ते ४५, दहावी पास, त्याच गावचा रहिवासी. लेखी ८० गुण, तोंडी २०. मानधन २०२४ पासून दरमहा १५ हजार. सुना-लेकींनाही वाट मोकळी आहे. वस्तीवर मारहाण झाली, संशयास्पद मृत्यू झाला, तर ठाण्याला खबर देणं त्याचंच काम. ती खबर कोण लिहितो, यावर पुष्कळ अवलंबून असतं! गावकी काय म्हणेल म्हणून राखीव जागेलाही अर्ज करायचा नाही, हे आम्हांस पटत नाही.

परभणीच्या खेड्यांतील वाचकहो, जातीचा व रहिवासी दाखला आधीच काढून ठेवा; जाहिरात निघाल्यावर तहसिलाच्या खेपांना दिवस पुरत नाहीत.