प्रोटीनची पट्टी नको, अंडे उकडून खा

रविवारची वंदना आटोपली की विहारात एखादी माउली आम्हाला बाजूला घेऊन विचारते, "पोरगा जिमला जातो. पावडर अंगी लागत नाही म्हणतो, आता अंगाला चिकटवायची प्रोटीनची पट्टी मागवतोय. घेऊ देऊ का?" तोंडात मारायच्या फवाऱ्याबद्दलही विचारणा होते. आमचे उत्तर एकच, पैसे घालवू नका.

बाहेरचे आत येऊ न देणे हेच कातडीचे काम. सिगारेट सोडवणारी निकोटीनची पट्टी चालते, कारण निकोटीनचा रेणू अगदी लहान आणि तो लागतोही काही मिलिग्रॅमच. प्रोटीनचा रेणू त्याच्या शंभर पटींहून मोठा. शिवाय ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रोटीन लागते. फवाऱ्याच्या चार थेंबांत ते मावणार कुठे? "अशक्तपणा आलाय, सलाईन लावून घेतो" म्हणणारेही वस्तीत कमी नाहीत. साध्या सलाईनमध्ये मिठाचे किंवा साखरेचे पाणी असते, प्रोटीन नसते.

प्रोटीन फोडून रक्तात पोचवायचे काम जठर आणि लहान आतडे करते. त्यांना मदत करायची ती चुलीवर. कच्ची अंडी गटागटा पिणाऱ्यांनी ऐकावे: कच्च्या अंड्यातले जेमतेम निम्मे प्रोटीन पचते, शिजवलेल्यातले शंभरातले नव्वद भाग. मटकी, हरभरे रात्रभर भिजवून, मोड आणून शिजवले की पचायला सोपे जातात. सोयाबीन कच्चे मुळीच नको. त्यात पाचकरसाला अडवणारे द्रव्य असते, ते नीट शिजवल्यावरच बहुतेक जाते. बाजारच्या सोयावडीत मात्र वजनाच्या निम्मे प्रोटीन असते. डाळीत जे कमी ते भात-भाकरीत असते, म्हणून दोन्ही खावे.

२०१५ साली राज्यात बैलाच्या मांसावर बंदी आली आणि आपल्या ताटातले स्वस्त प्रोटीन गेले. ती जागा महागड्या डब्याने भरायची गरज नाही. सुकट, अंडी, शेंगदाणे, फुटाणे आहेत.

डबा आणलाच असेल तर एकदम न घेता दोन वेळा वाटून घ्या. दुधाने ज्याचे पोट बिघडते, त्याला दुधापासून केलेल्या पावडरीनेही गॅस, जुलाब होऊ शकतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर घेऊ नये. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी क्रिएटिनिन तपासून घ्यावे.