हळदीला फूल येते, मग बी का नाही?

हिमायतनगरसह नांदेड जिल्ह्यात हळद बेण्यापासून लावतात. तिला फुले येतात, पण बी सहसा धरत नाही. हळदीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ६३. परागकण तयार होताना त्यांची समान वाटणी होत नाही, म्हणून बरेच कण वांझ निघतात.

या कणांची रचनाही वेगळी आहे. बहुतेक वनस्पतींच्या परागकणांचे टणक बाह्यकवच मातीत हजारो वर्षे टिकू शकते. हळद, आले, केळी यांच्या कणांवर ते अगदी पातळ असते. आतला थर मात्र जाड. त्यामुळे हे कण लवकर कुजतात आणि जुन्या मातीत त्यांचा माग काढणे कठीण जाते.

थोडक्यात, हळदीचे वाण पुढे नेते ते बेणेच. म्हणूनच कंदकूज झालेल्या शेतातले बेणे ठेवू नये. त्यासोबत रोगही पुढच्या हंगामात जातो.