खालच्या सुराचा माणूस आणि मणिबेलीचा ढोल

आपल्या भीमगीतांच्या कार्यक्रमात कलाकारांची ओळख करून देताना गायकाचे नाव पहिले येते. मग कोरसच्या ताई, मग हार्मोनियम, बेंजो, ढोलकी. बेस गिटार वाजवणाऱ्याचे नाव आलेच तर शेवटी येते, आणि निवेदक घाईत असला तर राहूनच जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कार्यालय सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी मी हे वाद्य वाजवतो ते हौसेने, पोटासाठी नाही. पण चौदा एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये पहिला प्रश्न निघतो तो "यंदा डीजे कोणाचा?" आणि त्याच्या मागोमाग अट येते, "बेस दणदणीत पाहिजे." हा बेस म्हणजे नेमके काय, तो कशातून निघतो आणि कोणासाठी निघतो, याचा विचार कमिटीच्या एकाही बैठकीत झालेला मी ऐकलेला नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

साध्या गिटारला सहा तारा असतात. बेस गिटारला बहुधा चार, आणि त्या चांगल्या जाड. सर्वांत खालची तार मोकळी छेडली तर ती एका सेकंदात सुमारे ४१ वेळा थरथरते. माणसाच्या कानाला साधारण २० कंपनांपासून पुढचे ऐकू येते, म्हणजे ही तार कानाच्या अगदी तळाशी बोलते. तिच्या आवाजाची एक लाट आठ मीटरहून लांब असते. एवढी लांब लाट भिंतीला, झाडाला, माणसांच्या गर्दीला सहज वळसा घालते. दोन गल्ल्या पलीकडे बसलेल्या आजीला गाण्याचे शब्द कळत नाहीत, पण धडधड तिच्या छातीपर्यंत पोहोचते, ती यामुळे. अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली हे विजेवरचे वाद्य बाजारात आणले. त्याआधी हेच काम माणसाएवढ्या उंचीचे डबल बेस करीत असे. आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांनी ते घरोघरी पोहोचवले. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस आपण सर्वांनी ऐकलेला आहे, फक्त तो बेस आहे हे आपल्याला माहीत नसते.

भीमगीतात या वाद्याचे काम काय? बहुतेक गाणी केरव्यात, काही दादऱ्यात. केरव्याच्या आठ मात्रांत पहिलीवर सा आणि पाचवीवर प एवढे जरी नीट धरले तरी गायकाच्या पायाखाली जमीन तयार होते. कौशल्य लागते ते न वाजवण्यात. ढोलकीची डावी बाजूही खालच्याच आवाजात घुमते, आणि दोघे एकाच वेळी घुमू लागले की गाण्यात चिखल होतो. ढोलकीवाल्याने जागा सोडली की तेवढीच आपण घ्यायची. माझे बोट आणि त्याचा पंजा एकत्र पडला पाहिजे, म्हणून मी गायकाकडे कमी आणि ढोलकीवाल्याच्या मनगटाकडे जास्त पाहतो.

दुसरी अडचण पट्टीची. चार तारा मोकळ्या वाजवून शिकलेला मुलगा आपल्या पार्टीत आला की पहिल्याच दिवशी घाबरतो. आपला गायक काळी चारमध्ये गातो. त्या पट्टीचा सा किंवा प मोकळ्या तारेत सापडत नाही. सा जाड तारेच्या चौथ्या घरात, प तिच्या शेजारच्या तारेच्या सहाव्या घरात. दोन तास प्रत्येक सूर बोटाने दाबून धरावा लागतो. ही बोटे दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या बटणांवर पडतात तेव्हा मालकाला शिव्या देतात.

सामानाची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. शहरातली पोरे महागड्या परदेशी बेसचे फोटो दाखवतात. आपल्यासारख्या हौशी माणसाला जुना, कोलकात्याकडचा देशी बेस पुष्कळ झाला. विकत घेताना रंग पाहू नये. बेस डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून मानेची पट्टी सरळ आहे का ते पाहावे. आपल्या नंदुरबारकडे उन्हाळ्यात लाकूड सुकते आणि पावसाळ्यात फुगते, आणि तारांचा ताण तर बारा महिने असतो. मान वाकली की तारा घरांपासून उंच होतात आणि बोटे सोलून निघतात. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते. तिचा नट पाव फेरा फिरवला की मान जागेवर येते, पण पाव म्हणजे पावच. ज्याने घाईने पूर्ण फेरा फिरवला त्याने सळई तरी तोडली किंवा लाकूड तरी चिरले.

तारा महाग असतात. घाम, तेल आणि धूळ बसून त्या काही महिन्यांत मुक्या होतात. अशा वेळी जुन्या तारा काढून पातेल्यात दहा मिनिटे उकळाव्यात आणि कोरड्या पुसून पुन्हा चढवाव्यात. मळ निघून जातो आणि पुढचे काही दिवस तारा नव्यासारख्या बोलतात. घरच्यांनी पातेल्यावरून काय बोलायचे ते बोलून घेतात. पातेले वेगळे ठेवलेले बरे.

खरे भांडण असते ते भोंग्याशी. मंडपवाला आपल्याला दोन भोंगे आणि एक ॲम्प्लिफायर देतो. भोंगा बनवलेलाच आहे माणसाचा आवाज लांब फेकण्यासाठी. बेसची तार ज्या तळातून बोलते तेथपर्यंत त्याचा घसा जातच नाही. मी जीव तोडून वाजवतो आणि समोरच्यांना नुसते टक टक ऐकू येते. बेसला मोठ्या पडद्याचा स्पीकर लागतो, निदान बारा इंची, पंधरा असेल तर उत्तम, आणि तोही बंद लाकडी पेटीत बसवलेला. ही पेटी उचलायला दोन माणसे लागतात. गायक एक डायरी घेऊन येतो, बेसवाला हमाल घेऊन. आणि एवढे करून वीज गेली की हातात उरतात लाकडाच्या फळीवरच्या चार तारा. हार्मोनियम चालू राहते, ढोलकी चालू राहते, आणि बेसवाला मंचावर पुतळ्यासारखा उभा राहतो.

ही गोष्ट मला सर्वांत जास्त कळली ती मणिबेलीला. मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे आदिवासी गाव. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याची पहिली झळ महाराष्ट्रात बसली ती याच गावाला. १९९१ पासून तेथे पावसाळी सत्याग्रह झाले. पाणी घरात आले तरी उठणार नाही असे म्हणून माणसे बसून राहिली, आणि १९९३ च्या पावसाळ्यात घरे पाण्यात गेलीच. त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक बँकेचे कर्ज थांबले होते. पुढे १९९४ साली जगभरातल्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जे निवेदन काढले त्याला याच गावाचे नाव दिले. आपल्या जिल्ह्यातली ३३ गावे या धरणाने बाधित झाली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर आणि महानदीच्या योजनांचा पाया त्यांनी घातला याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ज्याच्या शेतावरून पाणी गेले त्याला जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत असतील, तर त्याच्या शेजारी जाऊन बसणे हे आपलेही काम आहे असे मी मानतो.

त्याच नात्याने काही वर्षांपूर्वी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, आमची पार्टी तेथे गेली होती. पाऊस लागलेला. पेटी, ॲम्प्लिफायर आणि छोटा जनरेटर प्लास्टिकमध्ये गुंडाळून बोटीने नेले. दुपारी कार्यक्रम सुरू झाला. तिसऱ्या गाण्यात जनरेटर धापा टाकू लागला आणि बंद पडला. माईक गेला, बेस गेला. आमचा गायक जुन्या वळणाचा, तो थांबला नाही. मोकळ्या गळ्याने गात राहिला, ढोलकी चालू राहिली. पण खालचा आधार गेल्यामुळे गाणे हवेत लोंबकळल्यासारखे झाले होते.

तेवढ्यात छपराखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी ढोल ओढून घेतला. एकसंध ओंडका कोरून केलेला, कमरेएवढ्या रुंदीचा ढोल. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, म्हणून तो आधीपासूनच शेकोटीजवळ ठेवलेला होता. शेकाने ओल जाते आणि कातडे ताणले जाते. त्यांनी आमचे गाणे पूर्वी कधी ऐकलेले नसणार. एक कडवे नुसते ऐकले. मग ढोलकीने जेथे जागा सोडली होती नेमक्या तेथे एक ठोका टाकला. पुढच्या आवर्तनात दोन टाकले. त्यापेक्षा जास्त टाकलेच नाहीत. मी वीस वर्षे जे शिकायचा प्रयत्न करतो आहे ते त्यांनी एका कडव्यात केले.

कार्यक्रमानंतर ते माझ्याजवळ आले. बेस उलटासुलटा करून पाहिला, पाठीवर बोटाने ठोकला आणि त्यांच्या बोलीत काही विचारले. तेथल्या गुरुजींनी मराठीत सांगितले, "ते विचारतात, हा आतून भरीव का?"

मी म्हणालो, "हो बाबा, भरीव आहे. आवाज त्या पेटीतून येतो."

बाबा पेटीकडे पाहून हसले. गुरुजी म्हणाले, "म्हणतात, मग भाऊ, तू वाजवतोस की पेटी वाजवते?"

त्या प्रश्नाला मी तेथे काही उत्तर दिले नाही. परत येताना बोटीत आमच्या पार्टीतल्या एका तरुणाने मात्र दुसराच प्रश्न काढला. म्हणाला, "काका, आपण असा ढोल का घेत नाही? ना वीज लागते, ना हमाल." त्यावर आमच्यातले सर्वांत वडील गृहस्थ एकदम गप्प झाले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमच्या बापाने डफडे सोडले आहे, पोरा."

हे नव्या पिढीला सांगायला पाहिजे. हलगी, डफडे वाजवणे हे अनेक गावांत महार-मातंगांच्या गळ्यात बांधलेले गावकीचे काम होते. दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या देवापुढे वाजवायचे आणि शिळ्या तुकड्यासाठी उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. मेलेली ढोरे ओढणे आणि कातडे वाजवणे एकाच साखळीच्या कड्या होत्या. बाबासाहेबांनी ती साखळी तोडायला सांगितली, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांतले डफडे खुंटीवरून उतरले ते कायमचे. त्या माणसांनी वाद्य टाकले नाही, हीनपणा टाकला. त्यांच्यापुढे मान तुकवावी.

पण म्हणून ताल आपल्याला सोडून गेला नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून ढोलकी आपल्या सोबत आहे. वामनदादा गावोगाव फिरले तेही ठेक्याच्या सोबतीने. आज तमिळनाडूत पा. रंजित यांच्या पाठबळावर २०१७ साली चेन्नईत उभा राहिलेला 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद पराई हे तिकडचे अस्पृश्य ठरवलेले चर्मवाद्य बेस गिटारच्या शेजारी उभे करून वाजवतो, आणि हजारो लोक ते ऐकतात. फरक एवढाच की तेथे पराई कोणाच्या हुकुमावरून वाजत नाही. मला हा मार्ग पटतो. आमच्या वडीलधाऱ्या गृहस्थांना अजून पटलेला नाही, आणि त्यांच्या नकाराला मी अडाणीपणा म्हणणार नाही. त्यांच्या वडिलांना उंबऱ्याबाहेर उभे राहिलेले त्यांनी पाहिले आहे, मी पाहिलेले नाही.

आता पुन्हा डीजेकडे येतो. कायद्याने निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सन २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, वर्षातले सवलतीचे मोजके दिवस सोडून. इतर मिरवणुकांत हे नियम पायदळी तुडवले जातात आणि बोट मात्र आपल्या जयंतीकडे दाखवले जाते, हा दुजाभाव आहेच. तरी स्वतःला विचारू या. आठ-आठ पेट्यांच्या भिंतीसमोर बाबासाहेबांच्या गाण्याचा एक तरी शब्द ऐकू येतो का? खालचा सूर असतो शब्दाला उचलून धरण्यासाठी. येथे तो शब्दावरच बसतो. बाळंतीण, आजारी माणूस, परीक्षेचे पोर यांचे हाल वेगळेच. आणि एका रात्रीच्या डीजेला जे पैसे जातात त्यात एका वस्तीतल्या मुलांना ढोलकी, हार्मोनियम आणि जुना बेस घेऊन देता येतो, शिकवणाऱ्याला वर्षभर मानधनही देता येते. गायन पार्ट्या बंद पडत चालल्या आहेत त्या रसिक नाहीत म्हणून नव्हे. सुपारी डीजेला जाते, म्हणून.

आमच्या वस्तीत यंदा कमिटीने निम्मे ऐकले आहे. मिरवणुकीत एक छोटी गाडी, तिच्यावर माईक आणि दोन पेट्या, बाकी सर्व वाद्ये हाताने. चालत्या गाडीवर बेस वाजवायचा तर बॅटरी आणि इन्व्हर्टर लागतो, त्याची जुळवाजुळव चालू आहे. दहावीतली एक मुलगी बेस शिकायला येते. आठवड्यातून तीन दिवस तिला मी नुसता काळी चारचा सा आणि प धरायला लावतो, गाणे नाहीच. परवा तिची आई विचारत होती, "भाऊ, पोरीची बोटं खराब तर होणार नाहीत ना?" मी सांगितले, पंधरा दिवस दुखतील, मग घट्टे पडतील आणि दुखायची थांबतील. आईने स्वतःचे तळहात पाहिले आणि म्हणाली, "मग येऊ द्या."