दिवसा क्षयाचा इतिहास, सायंकाळी शेतीचा खेळ

घरातील कुणाला क्षयरोगाचे निदान झाले की आप्तांचे वाचन एकाएकी वाढते. अहवालातील शब्द, औषधांची नावे, कुणीतरी मोबाइलवर धाडलेली माहिती असे सारे मध्यरात्रीपर्यंत वाचले जाते आणि हाती लागते ती केवळ धास्ती. असे तुटक वाचण्यापेक्षा एक आठवडा ठरवून, दिवसाउजेडी, एकदोन चांगली पुस्तके वाचावीत. त्याच आठवड्यात सायंकाळचा अर्धा तास एखाद्या निवांत व्हिडिओ गेमसाठी राखावा. आरोग्यविषयक पाक्षिकातील ही दुसरी सूचना आपल्याला विचित्र वाटेल. तिचे कारण पुढे येईलच.

जॉन ग्रीन यांचे २०२५ साली प्रसिद्ध झालेले ‘एव्हरीथिंग इज ट्युबरक्युलोसिस’ हे पुस्तक सिएरा लिओनमधील हेन्री या तरुणाभोवती फिरते. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय त्याला झालेला असतो. औषध अस्तित्वात असूनही ते रुग्णापर्यंत का पोहोचत नाही, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न. दुसरे पुस्तक सुसान सोंटॅग यांचे, १९७८ सालचे ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’. स्वतः कर्करोगाला सामोऱ्या गेलेल्या या लेखिकेने रोगांना चिकटविल्या जाणाऱ्या नैतिक अर्थांचा समाचार घेतला आहे. ‘छातीचा विकार’ म्हणून नाव झाकणाऱ्या आणि लग्न जुळविताना तेही न उच्चारणाऱ्या आपल्या घरांना हे पुस्तक मुळीच परके वाटणार नाही.

रोगाविषयी वाचताना समोर आलेला प्रसंग कोणत्या सालातला आहे, हे आधी पाहावे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले. चार वर्षांनी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात क्षयाने गेल्या. शत्रू ओळखीचा झाला होता, शस्त्र मात्र नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हाती येण्यास १९४३ साल उजाडले. त्या मधल्या साठ वर्षांतील करुण कथा वाचून आजच्या रुग्णाचे भवितव्य ठरवणे म्हणजे पणजोबांच्या पंचांगावरून आजची तिथी काढणे होय.

या इतिहासातील सर्वांत दिलासादायक प्रकरण आपल्याच देशात घडले, आणि त्याचा गवगवा मात्र फारच थोडा झाला. मद्रास येथे १९५६ साली क्षयाच्या औषधोपचारांचे संशोधन केंद्र सुरू झाले. दाटीवाटीच्या वस्तीतील गरीब रुग्णांचे तेथे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. एक गट सॅनटोरियममध्ये राहिला. त्याला विश्रांती, शुश्रूषा आणि अधिक सकस आहार मिळाला. दुसरा आपापल्या घरीच. औषधे दोघांना सारखीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या कुटुंबीयांना संसर्गाचा धोका वाढल्याचे आढळले नव्हते. रुग्णाला घरापासून तोडण्याची वैद्यकीय गरज तेथे संपली. तरीही आज कित्येक घरांत क्षयरुग्णाचे ताट आणि पेला वेगळा काढला जातो. हा रोग खोकल्यावाटे हवेतून पसरतो, ताटवाटीतून नव्हे. खिडक्या उघडाव्यात, पेला नेहमीच्याच फळीवर ठेवावा.

आता खेळाविषयी. रोगाची वर्णने वाचली की रक्ताने माखलेला रुमाल, खंगलेला चेहरा अशी चित्रे डोळ्यांपुढून हलत नाहीत. ऑक्सफर्डमधील एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींना अपघात व मृत्यूची दृश्ये असलेली चित्रफीत दाखविली. अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटे ‘टेट्रिस’ हा ठोकळे रचण्याचा खेळ खेळू दिला. पुढील आठवड्यात त्यांच्या मनात ती दृश्ये आपोआप उसळण्याचे प्रमाण इतरांहून कमी राहिले. चित्रफितीतील तपशील मात्र त्यांना इतरांइतकेच आठवत होते. आकार जुळविण्यात मनाची दृश्यस्मृती गुंतली की भीषण चित्रांना तेथे जागा उरत नाही, अशी त्यामागील उपपत्ती आहे. हा प्रयोग चित्रफितीवरचा होता, पुस्तकावरचा नव्हे. तरी आपल्याला हवे ते हेच आहे. माहिती राहावी, चित्रे ओसरावीत.

खेळ मात्र पारखून घ्यावा. रणगाडे नकोत, पैसे मागणारे खेळ तर नकोतच. एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडविलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा २०१६ सालचा शेतीचा खेळ या कामी उत्तम. नांगरट, पेरणी, मासेमारी, शेजाऱ्यांची विचारपूस. त्यातील एक दिवस पंधरा मिनिटांच्या आत मावळतो आणि शेतकरी अंथरुणावर पडल्याखेरीज प्रगतीची नोंद होत नाही. दोन दिवस झाले की आपणही थांबावे. ‘अजून एकच दिवस’ हा मोह येथेही आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने नियंत्रण सुटलेल्या खेळाला विकारांच्या यादीत स्थान दिले आहे, ते उगाच नव्हे. झोपण्यापूर्वीचा तास पडद्याविना जावा.

आठवडाभर पुस्तकाशेजारी एक वही असू द्यावी. क्षय औषधांना दाद देणारा आहे की नाही, याची तपासणी झाली का? गोळ्या किती महिने, आणि एखादा दिवस चुकला तर काय करावे? घरातील लहान मुलांची तपासणी कधी? वाचताना सुचलेले असे प्रश्न तीत लिहावेत आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांसमोर उघडावी.