फ्लॅशने पक्ष्याचे डोळे जातात का?

फरीदाबादच्या सेक्टरांतल्या बागांत पक्षी टिपणाऱ्या कुणी फ्लॅश काढला, की जवळचं कुणीतरी हटकतंच: ‘डोळे जातील त्याचे!’ ही कळकळ खरी आहे, पण रोख चुकतो. दिवसाउजेडी काही मीटरांवरून पडलेल्या फ्लॅशने पक्ष्याला कायमचं अंधत्व येतं, याला पुरावा नाही. उन्हात वावरणाऱ्या बुलबुलाच्या किंवा दयाळाच्या डोळ्यांना तीव्र प्रकाशाची सवय असते, आणि फ्लॅशचा झोत सेकंदाच्या काही शतांश भागाइतकाही टिकत नाही.

रात्रीचं गणित मात्र वेगळं. पिंगळा किंवा अरवलीच्या खडकाळ रानातला रातवा यांचे डोळे मंद उजेडासाठी घडलेले असतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर अचानक झोत पडला, तर काही काळ नजर नीट काम करत नाही, आणि तीच त्यांची शिकारीची वेळ. तिथे फ्लॅश नकोच.

‘भर दिवसा फ्लॅश कशाला?’ हा प्रश्नही नेहमीचा. त्यासाठी जांभळा शिंजीर बघावा. वसंतात नर पूर्ण विणीच्या पिसाऱ्यात असतो, तरी पानांच्या सावलीत तो नुसता काळा दिसतो. त्याची जांभळी-निळी झळाळी साध्या रंगद्रव्यातून येत नाही. पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना ती उमटते. समोरून हलका उजेड मिळाला, की काळ्या ठिपक्यात रंग फुलतो. त्यासाठी फ्लॅश दीड-दोन स्टॉप कमी ठेवावा. सगळा उजेड फ्लॅशचाच झाला, तर मागची बाग काळीठिक्कर पडते आणि पक्षी कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

लांबच्या फांदीवरचा पक्षीही फ्लॅशने उजळेल, ही आशा फोल. अंतर दुप्पट झालं की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा गाइड नंबर १२ असेल, तर आयएसओ ४०० आणि एफ ६.३ ला त्याची पोच जेमतेम पावणेचार मीटर. दिवाळीनंतरच्या धुरकट हवेत तर फ्लॅशने उलट बिघडतं: लेन्स आणि पक्ष्यामधले धूलिकण उजळतात आणि चित्रावर पांढुरकी साय येते. अशा दिवसांत आयएसओ वाढवणं बरं.

पण ज्या गैरसमजाने खरं नुकसान होतं, त्याचा प्रकाशाशी फारसा संबंधच नाही. ‘पक्षी उडाला नाही, म्हणजे त्याला त्रास नाही’ असं सर्रास म्हटलं जातं. शिंजीराची मादी कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेलं पिशवीसारखं घरटं खुशाल व्हरांड्यातल्या वायरीलाही टांगते आणि अंडी एकटीच उबवते. माणूस जवळ आला, तरी ती बसून राहू शकते, कारण उठली तर अंडी उघडी पडतात. तिचं ते बसणं म्हणजे संमती नव्हे. त्यातच काहीजण घरटं नीट दिसावं म्हणून आडवी येणारी पानं, डहाळ्या छाटतात. एप्रिल-मेच्या उन्हात ती सावली गेली की पिल्लं होरपळतात. शिवाय टकाचोर आणि भारद्वाज यांना घरटं लांबून दिसू लागतं. फ्लॅश बंद ठेवून केलं, तरी हे नुकसान तेवढंच.

‘फोटो काढण्यात कायदा कुठे आला?’ असंही विचारतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही येतं. छायाचित्रांच्या अनेक स्पर्धा घरट्यावरची चित्रं स्वीकारत नाहीत, तेही याच काळजीपोटी.

शिंजीर हवाच असेल, तर घरटं सोडून फुलं गाठावीत. हमेलियाचं बहरलेलं झुडूप बघून तीन-चार मीटरांवर बसावं, फ्लॅश कमी करून ठेवावा. मधासाठी तो त्याच झुडपावर पुन्हा पुन्हा येतो.