बकऱ्याचे दिल, आपले दिल

बकरी ईदला कलेजी-गुर्द्याबरोबर बकऱ्याचे दिलही सोलापुरातल्या आपल्या स्वयंपाकघरांत येते. मसाला लावण्याआधी पाच मिनिटे मुलांना जवळ बोलवा आणि दिलाला मधोमध आडवा काप द्या. दोन पोकळ्या दिसतील. एकीची भिंत जाड, दुसरीची पातळ आणि दोहोंमध्ये घट्ट पडदा. मुलांना विचारा, या पडद्याला भोक सापडते का?

भोक नाही. पण हजार वर्षे लोकांना ते असल्याची खात्री होती! दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन म्हणाला होता, की उजवीकडचे रक्त पडद्यातल्या बारीक छिद्रांतून डावीकडे झिरपते. पुढच्या वैद्यांनीही ते मान्य केले. दमास्कसकडचे आणि कैरोत वैद्यकी करणारे इब्न अल-नफीस यांनी मात्र 1242 मध्ये स्पष्ट लिहिले, की पडद्याला छिद्र नाही. उजवीकडचे रक्त फुप्फुसांत जाते, तिथे हवेशी मिसळते आणि मग डावीकडे येते. हे लिखाण पुढे विस्मरणात गेले. 1924 मध्ये एका इजिप्शियन डॉक्टराला त्याचे हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात सापडले. दरम्यान 1628 मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी रक्त संपूर्ण शरीरात गोल फिरते, हे सिद्ध केले होते.

सगळ्या जिवांचे दिल मात्र सारखे नसते. माशाच्या दिलाला दोनच कप्पे असतात. रक्त कल्ल्यांतून थेट अंगभर जाते. बेडकाला तीन कप्पे असतात, त्यामुळे शुद्ध-अशुद्ध रक्त थोडे मिसळते. कोंबडी, बकरा आणि माणूस यांना चार कप्पे असतात, म्हणून दोन्ही रक्ते वेगळी राहतात. झुरळाच्या अंगात तर रक्त नळ्यांत कोंडलेले नसते, ते पोकळीत खुले वाहते आणि लालही नसते.

आता त्या जाड भिंतीकडे पुन्हा पाहा. उजव्या कप्प्याला रक्त जवळच्या फुप्फुसांतच ढकलायचे असते, डाव्याला मात्र डोक्यापासून पायापर्यंत. म्हणून डावी भिंत जाड. आपलेही तसेच आहे. मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त आपले दिल फिरवते.

पण रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला, तर ही भिंत गरजेपेक्षा जाड आणि ताठ होते. जास्त जोर लावून दिल थकते. मेंदू आणि गुर्द्यांनाही धोका असतो. यात दुखत काहीच नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी बीपी मोजून घ्या. वारंवार 140/90 किंवा त्याहून जास्त आले, तर डॉक्टरांकडे जा. बरे वाटले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. रमजानमध्ये रोजे ठेवायचे असतील, तर गोळीची वेळ डॉक्टरांना आधीच विचारा.

मिठाचे प्रमाण माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक छोटा चमचा, असावे. पापड, लोणचे, शेंगाचटणी यांतले मीठही त्यातच धरा.

या ईदला दिल मुलांना दाखवाल, तेव्हा घरातल्या दादी-नानांचे बीपी शेवटचे कधी मोजले, तेही विचारा. आठवत नसेल, तर ईद झाल्यावर पहिले काम तेच करा.